ग्लूटेनमुक्त फराळाचा घरगुती व्यवसाय: आधी हिंगाची डबी पाहा

सप्रेम नमस्कार मंडळी,

यंदाच्या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमात घरी केलेली चकली, कडबोळी आणि चिवडा विकण्याचा माझा विचार आहे. माझ्या धाकट्या जावेला सीलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतले ग्लूटेन हे प्रथिन तिला बाधते, आणि गेली तीन वर्षे मी तिच्यासाठी हा फराळ करते. पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिता येईल का, आणि इथे ब्रिटनमध्ये काउन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, कोणती परवानगी लागते, हे कोणी सांगेल का? चकलीत गहू नसतोच, त्यामुळे अडचण येऊ नये, असे वाटते.

आपली, रेडिंगची सभासद

*

प्रिय ताई,

आपले शेवटचे वाक्य वाचून लगेच उत्तर लिहायला बसले, कारण व्यवसाय सुरू करताना मीही अगदी हेच म्हणत होते. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा, उडीद आणि मूग डाळ, धणे, जिरे. त्यात गहू येणार कुठून? पहिल्या दिवाळीला पाकिटे बांधून तयार असताना एका आईने फोनवर विचारले, “हिंग कोणता वापरलात?” मी फडताळातली डबी काढली, चष्मा लावला आणि बारीक अक्षरांत वाचले: गव्हाचे पीठ, डिंक, हिंग. त्या बारा किलोंतले एकही पाकीट मी कोणाला दिले नाही. तिच्या मुलाने ती चकली खाल्ली असती, या विचाराने आजही काळजात धस्स होते.

या देशात ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचे, तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. पाव ग्रॅम कणकेत साधारण तेवढे असते. म्हणजे कणकेची एक चिमूट किलोभर चकली बाद करायला पुरेशी आहे. त्यामुळे प्रश्न पाककृतीचा कमी आणि स्वयंपाकघराचा जास्त आहे. ज्या घरघंटीत गहू दळला तिच्यात भाजणी दळू नका, शंकरपाळी तळलेल्या तेलात चकली सोडू नका, आणि ज्या दिवशी पोळ्या होतात त्या दिवशी विक्रीचे काही करू नका, कारण कणीक हवेत उडते आणि ओट्यावर बसत राहते. बेसन आणि तांदळाचे पीठही पाकीट वाचूनच घ्या. पुष्कळ पाकिटांवर ‘गव्हाचा अंश असू शकतो’ अशी सूचना असते. मी वर्षातून दोनदा प्रयोगशाळेकडे नमुना पाठवते. खर्च होतो, पण त्याशिवाय तो शब्द छापायला माझा हात धजत नाही.

नोंदणी त्यामानाने सोपी आहे. व्यवसाय सुरू करण्याच्या किमान 28 दिवस आधी काउन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. त्याला शुल्क नाही आणि नोंदणी नाकारली जात नाही. नंतर अधिकारी घरी येऊन स्वयंपाकघर पाहतात आणि 0 ते 5 असे स्वच्छतेचे गुण देतात. ऑक्टोबर 2021 पासून स्वतः बांधून विकायच्या पाकिटांवरही सर्व घटक लिहावे लागतात आणि कायद्यातले 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थ उठून दिसतील असे छापावे लागतात. त्यांत तीळ आहेत आणि मोहरीही, म्हणजे आपली चकली आणि चिवड्याची फोडणी दोन्ही आली. घर भाड्याचे असेल तर मालकाला, आणि विमा कंपनीलाही, आधी कळवा.

आपली, लेस्टरची सभासद

*

ताई,

पत्र वाचून आधी आमची हिंगाची डबी पाहिली. तिच्यातही गव्हाचे पीठ आहे. दर दिवाळीनंतर जावेचे पोट का बिघडते, हे आम्हाला कळत नव्हते. ती बिचारी जागरणाला दोष देत असे. आज तिला फोन करून सगळे सांगितले आणि तिची क्षमा मागितली.

नोंदणीचा अर्ज आजच भरते. या वर्षी पाकिटावर घटक तेवढे लिहीन. ‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द नमुन्याचा अहवाल हाती आल्याशिवाय छापणार नाही. माझा सोऱ्या आईचा आहे, लाकडी आहे, आणि त्यातून दर उन्हाळ्यात गव्हाच्या कुरडया घातल्या जातात. लाकडात शिरलेले पीठ धुऊन निघेल, याची मला खात्री नाही. तो कुरडयांसाठी ठेवते आणि चकलीसाठी स्टीलचा नवा घेते. बिनपिठाचा हिंग आपण कुठून मागवता, तेवढे कृपया कळवा.