खडीवर चालताना चार पायांच्या रोबोटचा वेगाचा अंदाज चुकतो

प्रश्न

नमस्कार. आमच्या चार पायांच्या, १२ मोटरींच्या रोबोटच्या धडावर आयएमयू (त्वरण आणि फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक) आहे आणि प्रत्येक सांध्याला एन्कोडर (कोन मोजणारे साधन) आहे, कॅमेरा नाही. फरशीवर तो व्यवस्थित चालतो. पण खडीवर नेला की धडाचा वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू लागतो, त्या वेगाच्या भरवशावर कंट्रोलर (पायांची हालचाल ठरवणारी प्रणाली) पाऊल नको तितके पुढे टाकतो आणि रोबोट कोलमडतो. कंट्रोलरचे गुणांक बदलून काही फरक पडलेला नाही. तळव्यांना बलसंवेदक बसवावेत का?

उत्तर १

गुणांकांना तूर्त हात लावू नका, कारण तुमच्या वर्णनावरून दोष मोजमापातच दिसतो. आयएमयूच्या त्वरणाची सतत बेरीज करून काढलेला वेग हळूहळू भरकटतो, म्हणून टेकलेले पाऊल जागेवर स्थिर आहे असे धरून सांध्यांच्या हालचालीवरून तो सावरला जातो. खडीवर पाऊल मागे घसरते, आणि पाय मागे गेला म्हणजे धडच पुढे गेले असा फिल्टरचा, म्हणजे या सर्व मोजमापांची सांगड घालून वेगाचा अंदाज काढणाऱ्या गणिती पद्धतीचा, समज होतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पावलांच्या जागांचाही अंदाज कालमन फिल्टर (अशाच फिल्टरचा एक प्रचलित प्रकार) स्वतःच करतो आणि टेकलेले पाऊल थोडेफार सरकू शकते हे गृहीत धरतो.

घसरण ओळखण्याची एक सोपी तपासणी अवश्य करून पाहा: टेकलेल्या दोन पावलांमधले अंतर केवळ सांध्यांच्या कोनांवरून काढता येते, त्यासाठी आयएमयू लागत नाही, आणि ते बदलत असेल तर दोहोंपैकी किमान एक पाऊल नक्की सरकले आहे. अशा क्षणी त्या पावलांवरचा फिल्टरचा विश्वास कमी करावा. दोन्ही पावले सारखीच घसरली तर मात्र ही तपासणी फसते. तेव्हा आयएमयूने वर्तवलेल्या वेगाशी तुलना करण्यावाचून गत्यंतर नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु घसरणीच्या आधी पाऊल खरोखर टेकले आहे का, हे पाहायला हवे. चालीच्या वेळापत्रकावरून (कोणता पाय केव्हा टेकायचा याच्या आधीच ठरवलेल्या क्रमावरून) पाऊल टेकल्याचे ठरवत असाल, तर खळग्यावर अधांतरी असलेला पायही फिल्टर स्थिर मानेल. बलसंवेदक प्रत्येक पावलाला आपटतात आणि लवकर खराब होतात, म्हणून मी ते सुचवणार नाही. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या चीता ३ या चार पायांच्या रोबोटने २०१८ मध्ये कॅमेऱ्याशिवाय जिने चढून दाखवले. त्यात वेळापत्रक, पावलाची उंची आणि मोटरींवरून काढलेले बल या तिन्हींच्या मेळातून पाऊल टेकल्याची शक्यता ठरवली जात होती. मात्र गिअरचे प्रमाण मोठे असेल तर घर्षणामुळे मोटरच्या करंटवरून बलाचा नीट अंदाज येत नाही.

प्रश्नकर्ता

आमचे गिअर प्रमाण ६ आहे, आणि टेकण्याचा निर्णय आजवर वेळापत्रकावरच होता. कॅमेरा लावल्यास हे सारे टळेल का?

उत्तर २

६ हे प्रमाण करंटवरून बल काढायला पुरेसे लहान आहे. कॅमेऱ्याने मात्र हे टळणार नाही. ईटीएचच्याच एनिमल या चार पायांच्या रोबोटने स्वित्झर्लंडमधील एट्झेल डोंगरावर १२० मीटरची चढण ३१ मिनिटांत पार केली, ती कॅमेरा आणि लेझरने टिपलेला भूभाग व पायांची जाणीव एकत्र वापरून. उंच गवत किंवा बर्फ डोळ्यांना भक्कम जमिनीसारखे दिसते, म्हणून जेथे नकाशा फसवा ठरतो तेथे पायांवर अधिक विसंबण्याचे शिक्षण त्याच्या कंट्रोलरला दिलेले होते. तुम्ही आधी एका पायाचा करंट आणि वेळापत्रक एकाच आलेखावर काढा; खडीवर पाऊल ठरल्या वेळेच्या किती आधी किंवा नंतर टेकते, ते तिथेच दिसेल.