पॅनेल कंपन्यांचे शेअर घ्यावेत का? जाणकारांचं मत हवं आहे

नमस्कार मंडळी,

लॅमिंग्टन रोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, चोवीस वर्षं झाली. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात बसलो, आता सगळं काम पॅनेलचं. दोन म्युच्युअल फंडांत एसआयपी चालू आहे, पण स्वतः निवडून शेअर घ्यायची ही पहिलीच वेळ. पुढच्या महिन्यात सहा लाखांची एफडी पिकतेय. मुलगा अकरावीत आहे, दोन वर्षांनी इंजिनिअरिंगची फी भरायची आहे. घरून सांगणं आहे की एफडी पुन्हा तशीच ठेवा. माझ्या डोक्यात मात्र पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या बसल्या आहेत.

कारण सांगतो. टीव्हीच्या पुढे कुठल्याही ब्रँडचं नाव असू दे, मागचं झाकण काढलं की पॅनेलच्या पत्र्यावर खऱ्या कंपनीचा स्टिकर दिसतो. पूर्वी तिथे एलजी, सॅमसंग, तैवानच्या एयूओ आणि इनोलक्स हीच नावं असायची. आता दिवसभरात जे सेट उघडतो त्यांत बीओई, सीएसओटी, एचकेसी, म्हणजे चीन. कालच एक 55 इंची आला, उभी लाईन. सीओएफची पट्टी, म्हणजे पॅनेलला सिग्नल देणारी चिप असलेली फिल्म, सुटली होती, ती बाँडिंग मशीनवर चिकटवून दिली. काच फुटली असती तर गिऱ्हाइकाला हात जोडून नवा टीव्ही घ्या म्हणालो असतो, कारण टीव्हीतला सगळ्यात महाग भाग पॅनेलच. जो माल प्रत्येक ब्रँडला घ्यावाच लागतो, तो बनवणारा कमावणारच, असा माझा साधा हिशोब होता.

वाचायला बसलो तर उलटंच निघालं. एलजीच्या पॅनेल कंपनीला, एलजी डिस्प्लेला, 2022 मध्ये दोन लाख कोटी वॉनच्या वर ऑपरेटिंग तोटा, 2023 मध्ये त्याहून जास्त. सॅमसंगच्या पॅनेल कंपनीने 2022 मध्ये एलसीडी बंदच केलं. शार्पचा जपानमधला साकाईचा टीव्ही पॅनेलचा कारखाना 2024 मध्ये थांबला. जिच्याशिवाय टीव्हीच होत नाही ती वस्तू बनवून माणूस तोट्यात कसा जातो, हे मला मनापासून समजून घ्यायचं आहे.

डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत: एलजी डिस्प्लेचा एडीआर (म्हणजे परदेशी कंपनीचा शेअर अमेरिकेच्या बाजारात घेता येतो तो प्रकार), टीव्ही जुळवणारी आपली डिक्सन, किंवा पॅनेलची काच बनवणारी कॉर्निंग. शेजारच्या गाळ्यातला मित्र एका टेलिग्राम ग्रुपवर आहे, तिथे 'डिस्प्ले थीम'च्या नावाखाली एक छोटा शेअर रोज ढकलतायत. त्यात त्याचे पैसे अडकले आहेत, म्हणून तिकडे जायचं नाही हे पक्कं. बाकी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

दादा, मी मुलुंडला असतो. एका फंड हाऊसमध्ये बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्र बघत होतो, आता निवृत्त आहे. सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही, त्यामुळे 'हा घ्या' असं सांगणार नाही. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो.

पॅनेलचा कारखाना काचेच्या मापावर चालतो, काच जितकी मोठी तितकी तिची 'पिढी' पुढची. साडेआठव्या पिढीची काच 2200 बाय 2500 मिमी, तिच्यातून 55 इंची सहा निघतात. बीओईने डिसेंबर 2017 मध्ये चीनमधल्या हफेईला साडेदहाव्या पिढीची उत्पादन लाईन सुरू केली. तिथली काच 2940 बाय 3370 मिमी, एका काचेतून 65 इंची आठ. मोठी काच आली की कापण्यातलं नुकसान कमी होतं आणि जुन्या लाईनवाल्याचा 65 इंची महाग पडू लागतो. त्यात असा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात आणि चीनमध्ये त्यातला मोठा वाटा स्थानिक सरकारं उचलतात. यंत्रं एकदा बसली की घसारा, म्हणजे त्यांच्या किमतीचा दरवर्षी खर्चात धरायचा भाग, थांबत नाही, म्हणून भाव पडला तरी मालक लाईन बंद करत नाही. माल येतच राहतो, भाव आणखी पडतो. 2020 च्या मध्यापासून सगळे घरी बसले तेव्हा वर्षभर भाव चढले, 2021 च्या मध्यानंतर कोसळले. या धंद्यात याला क्रिस्टल सायकल म्हणतात. तुमच्याकडे स्टिकर बदलला म्हणजे माल कोणाचा खपतो ते कळलं. त्यातून नफा कोणाला उरला, ते स्टिकरवर नसतं.

जपान डिस्प्लेचं उदाहरण बघा. सोनी, तोशिबा, हिताचीचे पॅनेल विभाग 2012 मध्ये एकत्र केले, 2014 मध्ये 900 येनला शेअर बाजारात आला. आयफोनचे पडदे पुरवत होते, मागणी भरपूर होती. तरी वर्षानुवर्षं तोटाच झाला.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल. एलजी डिस्प्लेने चीनमधल्या ग्वांगझूचा एलसीडी कारखाना टीसीएलच्या सीएसओटीला विकला, एप्रिल 2025 मध्ये तो व्यवहार पुरा झाला. आता त्यांची मुख्य भिस्त ओएलईडीवर, म्हणजे मागच्या दिव्याशिवाय स्वतः उजळणाऱ्या पॅनेलवर आहे, म्हणून जुना तोटा बघून निकाल लावू नका, पण हा शेअर झोपेत ठेवण्यासारखाही नाही. डिक्सन पॅनेल बनवत नाही, जुळवणी करते. एचकेसीबरोबरचा त्यांचा बेत डिस्प्ले मॉड्यूलचा, म्हणजे तयार पॅनेलला बाकीचे भाग जोडण्याचा आहे, काचेवर पॅनेल घडवणाऱ्या कारखान्याचा नाही. मार्जिन चारेक टक्क्यांचं, म्हणजे तिथे खेळ उलाढालीचा, आणि बाजार त्याला भरमसाट पीई देतो, म्हणजे नफ्याच्या मानाने शेअरचा भाव खूप चढा. कॉर्निंगचं बरं आहे, पॅनेल कोणीही बनवो, काच लागतेच. त्याच जातीची आणखी एक कंपनी म्हणजे युनिव्हर्सल डिस्प्ले. ती ओएलईडीचं प्रकाश देणारं रसायन विकते आणि पेटंटची रॉयल्टी घेते. मला स्वतःला कारखान्यापेक्षा कारखान्याला माल पुरवणारे आवडतात.

परदेशातला शेअर घ्याल तर पैसे एलआरएसमधून, म्हणजे बाहेर पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून जातील. वर्षाला दहा लाखांच्या आत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, लागत नाही. आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, भरायचा म्हणजे भरायचाच, एक शेअर असला तरी. चोवीस महिन्यांच्या आत विकलात तर नफ्यावर तुमच्या स्लॅबच्या दराने कर लागतो.

आणि दादा, दोन वर्षांनी लागणारी फी या सायकलमध्ये घालू नका. वहिनींचं ऐका.

धागाकर्ता

साहेब, एवढं सविस्तर कोणी समजावलं नव्हतं, आभारी आहे. काल घरी बसून ठरवलं. पाच लाख परत एफडीत, फीच्या तारखेला पिकेल अशा बेताने. एक लाख माझ्याकडे राहतील, ते दहा-बारा वर्षं लागले नाहीत तरी चालेल.

घसाऱ्याचा मुद्दा लगेच पटला. माझं बाँडिंग मशीन कर्जावर घेतलं होतं. काम असो नसो हप्ता जायचा, म्हणून मीही कधी कधी पडेल भावात पॅनेलवरच्या उभ्या लाईनची कामं घेतली आहेत, आणि समोरच्याने मग आणखी कमी लावले.

आता एकच विचारतो. एलजी डिस्प्लेचा शेअर बुक व्हॅल्यूच्या (मालमत्तेतून देणी वजा करून वहीत उरते ती किंमत) खाली मिळतो म्हणून स्वस्त, असं बरेच जण लिहितात. पण त्या बुक व्हॅल्यूत जुनी यंत्रंच धरलेली असणार ना? माझ्या दुकानात 32 इंचीची जुनी पॅनेलं पडून आहेत, वहीत त्यांची किंमत आहे, भंगारवाला किलोवर मागतो. यंत्रांचंही तसंच असेल, तर ताळेबंदात नेमका कुठला आकडा बघायचा?