घर, हलाखी आणि स्वतःची ओळख: पुस्तकं सुचवा (यशोगाथा नकोत)

अनवट

नमस्कार मंडळी,

आनंद यादवांचं 'झोंबी' आणि लक्ष्मण मानेंचं 'उपरा' पाठोपाठ वाचून झाली आणि तेव्हापासून दुसरं काही हातात टिकत नाहीये. अशाच वळणाची अजून पुस्तकं हवी आहेत, कादंबरी असो की आत्मकथन, ज्यात घर आहे, घरातली ओढाताण आहे आणि त्यातून एक माणूस 'मी कोण' हे शोधत बाहेर पडतो. फक्त एकच विनंती, 'गरिबीतून साहेब' छापाची नकोत. त्यात लेखक शेवटच्या पानावर उभा राहून मागचं सगळं सांगत असतो, त्यामुळे पोरगं उपाशी झोपलं तरी वाचणाऱ्याला काळजी वाटत नाही कारण पुढे सगळं छान होणार हे कव्हरवरच लिहिलेलं असतं.

'झोंबी'त तसं होत नाही. तो बाप शाळेच्या आड येतो, मळ्यातल्या कामाला जुंपतो, मारझोड करतो, आणि तरी आनंद यादवांनी त्याला असा उभा केलाय की नुसता राग येत नाही, त्याच्याही गळ्याशी आलेलं दिसत राहतं. हे कसं जमतं याचाच मी विचार करतोय.

दुसरं म्हणजे माझ्या यादीत सगळे पुरुष लेखक झालेत. त्यांच्या पुस्तकात आई असते, राबते, रडते, पोराच्या फीसाठी कुठून तरी पैसे आणते, आणि पोरगं शिकायला बाहेर पडलं की तीही गोष्टीतून बाहेर पडते. त्या आईने स्वतः लिहिलेलं काही आहे का? मराठीच हवं असं नाही, भाषांतर किंवा इंग्रजी पण चालेल.

कावेरी

आईने स्वतः लिहिलेलं म्हणताय तर बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' आधी घ्या. फलटणला किराणा दुकान चालवायच्या त्या. दुकानात गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसलं की लिहायचं आणि घरात कुणाला दिसू नये म्हणून कागद लपवून ठेवायचे, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. पुस्तक आलं १९८६ ला.

आता यात एक गोष्ट तुम्हाला खटकेल बहुतेक, म्हणून आधीच सांगते. पुस्तकात 'मी' फार कमी आहे, 'आम्ही' जास्त. महारवाडा, तिथल्या बायका, सासुरवास, अंगात येणं, बाळंतपणातली उपासमार, बाबासाहेबांचं ऐकून बायकांनी पोरांना शाळेत घालणं. स्वतःच्या नवऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. पुढे माया पंडित यांनी इंग्रजी भाषांतर केलं (२००८), त्यात शेवटी बेबीताईंची मुलाखत आहे आणि तिथे त्या सांगतात की नवऱ्याचा मार त्यांच्याही वाट्याला आला होता, पण आपल्याला समाजाचं दुःख लिहायचं होतं म्हणून ते पुस्तकात घेतलं नाही. ती मुलाखत वाचल्यावर मी पुस्तक परत पहिल्या पानापासून वाचलं आणि जिथे जिथे त्या 'आमच्या बायका' म्हणतात तिथे तिथे मला त्याच दिसायला लागल्या. तेव्हा जमलं तर मराठी पुस्तक आणि ती मुलाखत दोन्ही वाचा, याच क्रमाने.

ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) त्यानंतर. तिथे 'मी' पूर्ण मोकळेपणी येते. वडील लवकर गेले, आई बांबूच्या टोपल्या विणून घर चालवते आणि मुलगी पुढे लिहायला लागते. मला त्यातला लग्नानंतरचा भाग जास्त मोलाचा वाटतो. शिकलेलं, चळवळीच्या आसपासचं घर, आणि तरी बायको पुढे शिकायला लागली, लिहायला लागली, सभांना जायला लागली की तिथे कसा ताण यायला लागतो ते त्यांनी कुणावर आगपाखड न करता पण काहीही न झाकता लिहिलंय. तुम्ही म्हणता तशी आई गोष्टीतून बाहेर पडत नाही इथे, लेखिका स्वतःच आई होते आणि लिहिणं चालूच राहतं.

जुना वाचक

कावेरीताईंशी सहमत. मी जरा वेगळ्या बाजूने सांगतो. ओळख ओळख आपण म्हणतो ती या पुस्तकांत फार साध्या ठिकाणी अडकलेली असते, नावात. शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं इथूनच सुरुवात.

शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४) घ्या. आई महार, जन्म देणारा बाप गावचा पाटील, आणि तो नाव द्यायला तयार नाही. मग या पोराची जात कुठली, गाव कुठलं, बाप कोण, हे प्रश्न त्याला रोज कुणी ना कुणी विचारतं. पण मला या पुस्तकातलं सगळ्यात जवळचं माणूस विचाराल तर त्याची आजी संतामाय, आणि तिच्यासोबत राहणारा दादा, जो मुसलमान आहे. रक्ताचं काही नातं नाही, धर्म वेगळा, आणि खरं घर त्या दोघांनी दिलं. घर म्हणजे काय या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) मध्ये लेखकाचं नावच बघा, किशोर शांताबाई काळे. बापाच्या जागी आईचं नाव. आई तमाशात नाचणारी, तिच्या कमाईवर घरातले पुरुष बसून खाणार. पोरगं डॉक्टर होतं, त्यामुळे वरवर बघितलं तर ही तुम्ही नको म्हणता तशी यशोगाथा आहे, पण वाचून झाल्यावर डॉक्टरकी लक्षात राहतच नाही. आईने आपल्याला मागे सोडून दुसऱ्याच्या घरी जाणं आणि तरी तिचंच नाव लावणं, हे दोन्ही एकाच पोराच्या मनात कसं मावतं ते राहतं.

आणि दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). तिथे दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो अशी मांडणी आहे. दोघे एकच, पण एक गावातून, मुंबईतल्या कावाखाना वस्तीतून आलेला आणि दुसरा शिकलेला, पांढरपेशा, कवी. तुम्ही विचारलंत ना बापाला असं कसं उभं करता येतं? माझ्या मते जो लेखक स्वतःला सोडत नाही त्यालाच ते जमतं. पवार पहिल्या बायकोशी, सईशी, आपण कसे वागलो ते लिहितात, स्वतःच्या संशयी स्वभावासकट, कुठलीही सबब न देता. स्वतःचा हिशोब असा मांडणाऱ्या माणसाने बाप-चुलत्यांबद्दल काही लिहिलं तर ते सूड वाटत नाही.

नावाचंच अजून एक, कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१). दलित मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. करते, आणि नोकरी काही मिळत नाही. लग्न होऊन आडनाव बदलतं, सोमकुवरची पावडे होते, आणि मग नोकरी मिळते. त्या म्हणतात की याचं श्रेय पावडे या नावाला, सोमकुवर तशीच वंचित राहिली. आत्मकथन म्हणून सलग नाही, लेख आहेत, पण तो संस्कृतवाला लेख शोधून वाचाच.

पारंबी

सगळी नावं पटली पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. हलाखी म्हटलं की नशीब, दुष्काळ, दारुडा बाप असं काहीतरी डोळ्यासमोर येतं आणि मग आपण या पुस्तकांना 'संघर्षकथा' म्हणून एका फळीवर लावून टाकतो. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) वाचा. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं आणि त्यानंतरही पोलिसांच्या, गावाच्या नजरेतला शिक्का तसाच. अशा घरात जन्मलेल्या पोराची ओळख तो जन्मायच्या आधीच दुसऱ्याने लिहून ठेवलेली असते. त्याला ओळख 'शोधायची' नसते, आधी ती पुसायची असते, आणि पुसायला गेलं की स्वतःचीच माणसं विचारतात की शाळेत घालून आमचं काय भलं होणार. घरातला विरोध इथे कुठून येतो ते कळलं की बापावर एकट्यावर खापर फोडता येत नाही. 'झोंबी'तला बाप आणि 'उचल्या'तला समाज शेजारी ठेवून वाचा असं सुचवेन, शेतकरी घर आणि गुन्हेगारीचा शिक्का बसलेलं घर, अडचण वेगळी, मुळं वेगळी.

मृण्मयी

मी इंग्रजीतलं सांगते, अनवट यांनी चालेल म्हटलंय म्हणून. तारा वेस्टओव्हरचं 'एज्युकेटेड' (२०१८). अमेरिकेतल्या आयडाहोमधलं डोंगरातलं घर, बाप कट्टर, सरकारवर अविश्वास, म्हणून शाळा नाही, डॉक्टर नाही, भंगाराच्या आवारात पोरं कामाला. ही मुलगी सतरा वर्षांची होईपर्यंत वर्गात पाऊल टाकत नाही आणि पुढे केंब्रिजला पीएचडी करते. हो, यशोगाथेचा सगळा मालमसाला आहे, पण पुस्तकाचा जीव वेगळ्या जागी आहे. भावाच्या मारहाणीबद्दल ती बोलते आणि घरचे म्हणतात असं काही झालंच नाही. मग तिला स्वतःच्याच आठवणीवर शंका यायला लागते. काही प्रसंगांना तिने तळटीप दिली आहे की हे मला असं आठवतं, भावाला वेगळं आठवतं. एवढा प्रामाणिकपणा फार कमी ठिकाणी दिसतो, आणि त्यामुळे उरलेल्या पुस्तकावर माझा विश्वास बसला. घर की स्वतःची आठवण, यातलं एकच ठेवता येईल अशी वेळ येते तिच्यावर.

अॅनी एर्नो यांचं वडिलांवरचं छोटं पुस्तक पण बघा, इंग्रजीत 'अ मॅन्स प्लेस' नावाने आहे, मूळ फ्रेंच १९८३ चं. वडिलांचं छोटं दुकान आणि कॅफे, मुलगी शिकून शिक्षिका होते आणि दोघांमध्ये अंतर पडत जातं, भांडण वगैरे काही नाही, नुसतं अंतर. मुद्दाम अगदी सपाट, कोरड्या भाषेत लिहिलंय. घरच्यांची लाज वाटणं आणि मग त्या लाजेची लाज वाटणं यावर बोलायची हिंमत फार लोकांत नसते. लेखिकेला २०२२ चं नोबेल मिळालं. शंभरेक पानांचं आहे, एका बैठकीत होतं.

मराठीत मात्र मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' वगळून पुढे जाऊ नका. नवरा मोठा कवी, चळवळीचा नेता, नामदेव ढसाळ, आणि बायकोच्या बाजूने ते घर कसं दिसतं. हे पुस्तक १९८४ चं, तेव्हा हे लिहायला काय लागलं असेल. वाचून ढसाळांची कविता माझ्यासाठी लहान झाली नाही, पण आता ती मी एकटी कविता म्हणून वाचू शकत नाही. सोबत ते घर येतंच.

अनवट

सगळ्यांचे मनापासून आभार. पारंबी, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवून 'उपरा' परत चाळतोय, पाल ठोकून राहणारं घर, गाढवावर संसार, आणि त्यात शाळा, ते सगळं आता वेगळं वाचलं जातंय.

कादंबऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. की ज्यांनी हे भोगलंय त्यांना कादंबरीचा आडोसा नकोच असतो?

विसावा

आडोसा म्हणून नाही, पण कादंबरीत एक सोय असते, जो माणूस स्वतः कधीच लिहिणार नव्हता त्याच्या बाजूला उभं राहता येतं. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०). कौतिक नावाची बाई, शिंप्याचं घर, नवरा महादेव कमवण्यात कच्चा आणि पुढे आजारी, पोरं लहान, आणि संसार हिच्या एकटीच्या जिवावर. या बाईने आत्मकथन लिहिणं शक्यच नव्हतं. तुमच्या पहिल्या पोस्टमधली ती आई, जी पोरगं शिकायला गेलं की गोष्टीतून गायब होते, ती इथे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत समोरून हलत नाही. शेवट सांगत नाही. संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत, सवय नसेल तर सुरुवातीला अडखळायला होईल, मोठ्याने वाचून बघा, लगेच लागते.

आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कुणी काढली नाही याचं आश्चर्य वाटतंय. १९३४ पासून भागाभागाने आलेलं पुस्तक, आणि आजही कुणाच्याही हातात द्या, हसत हसत वाचेल. बाप सोवळ्याच्या वेडाने घर हैराण करणारा. नवरा रेव्हरंड टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो, बायको मागे राहते, लेकरू पदरात, माहेरचे आणि समाज एकीकडे, नवरा दुसरीकडे. काही वर्षं वेगळी काढून ती शेवटी त्याच्याकडे जाते, पण लगेच बाप्तिस्मा घेत नाही. जातपात स्वतःच्या डोक्याने आधी सोडते आणि मग १९०० मध्ये ख्रिस्ती होते. नवऱ्याच्या मागून गेली असं वरून दिसतं, पण ती स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या कारणाने गेली. शिक्षण म्हणाल तर लिहिता-वाचता येण्यापुरतं. आणि रडगाणं कुठेच नाही, जिथे दुसऱ्याने दहा पानं अश्रू काढले असते तिथे ही बाई दोन ओळी लिहून पुढे जाते.

अनवट

'धग' आणि 'जिणं आमुचं' आजच मागवतो. कावेरीताई, त्या मुलाखतीसाठी इंग्रजी भाषांतर वेगळं घ्यावं लागेल ना?

कावेरी

हो, मुलाखत भाषांतराच्या पुस्तकात आहे. 'द प्रिझन्स वी ब्रोक' या नावाने मिळेल. लायब्ररीत बघा आधी, इंग्रजी विभागात. आणि 'धग' झाली की इथे लिहा, कौतिकबद्दल मला बरंच बोलायचंय.