इंटरमिटंट फास्टिंगमध्ये उपवास नेमका कशाने मोडतो? आपले अनुभव लिहा

दिवसाचे १६ तास उपवास आणि उरलेल्या ८ तासांत जेवण, हा क्रम पाळताना पाण्याखेरीज काय चालते, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. आपण काय घेता आणि त्याचा काय परिणाम जाणवला, हे सविस्तर लिहावे. मात्र उपवास कशासाठी करता तेही सांगावे, कारण उद्देश कळल्याशिवाय ‘चालते’ या उत्तराला अर्थ नाही.

*

माझा उद्देश वजन कमी करण्याचा आहे. कोऱ्या कॉफीच्या कपात जेमतेम दोन ते पाच कॅलरी असतात आणि तिने माझी भूकही दबते, त्यामुळे ती मी निःशंकपणे घेते. खरा प्रश्न ‘थोड्याशा’ दुधाचा आहे. नेहमीच्या अंदाजाने घातलेले दूध मी एकदा मापाच्या पेल्यात ओतून पाहिले, तर ते ५० मिलीच्या रेषेला टेकले. म्हणजे सुमारे ३० कॅलरी आणि अडीच ग्रॅम दुग्धशर्करा, तीही दर कपामागे. एवढ्याने वजनाचे गणित बिघडत नाही, पण त्याला उपवास म्हणणे मला पटत नाही.

*

व्यायामाआधी अमिनो आम्लांची पूड घेतल्यास उपवास मोडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात साखर नसली, तरी अमिनो आम्ले हे प्रथिनांचेच घटक आहेत आणि त्यांतील ल्युसीन हे अमिनो आम्ल इन्सुलिनच्या, म्हणजे एरवी खाल्ल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाच्या, स्रावाला चालना देते. लिंबाचे चार थेंब किंवा चिमूटभर मीठ यांची चिंता मी करत नाही.

*

मला मधुमेह आहे आणि मी इन्सुलिन घेतो, म्हणून डॉक्टरांनी मात्रा बदलून दिल्यावरच मी उपवास सुरू केला. रक्तातील साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली, की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, ही त्यांची सूचना आहे. त्या वेळी उपवास मोडतो का, हा विचार कृपया कोणीही करू नये.

*

पेशींच्या साफसफाईसाठी, म्हणजे ऑटोफॅजीसाठी, मी फक्त पाणी पितो. मात्र जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना ऑटोफॅजीच्या ज्या संशोधनासाठी २०१६ चे नोबेल मिळाले, ते माणसावरचे नव्हे, तर यीस्ट या एकपेशीय बुरशीवरचे होते. त्यामुळे ‘अमुक तासांनी ऑटोफॅजी सुरू होते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी विसंबत नाही.

*

उपाशीपोटी रक्ततपासणी असेल, तेव्हा मात्र कोरी कॉफीही घेऊ नये, फक्त साधे पाणी प्यावे.