घरी मोबाइल पाहणाऱ्या मुलांचे डोळे कसे जपावेत?

प्रश्न (पालक, आर्वी तालुका):
माझा मुलगा तिसरीत आहे. उन्हाच्या तडाख्यामुळे दुपारभर तो घरात पडून, मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरून पाहतो. अलीकडे तो डोळे चोळतो आणि दूरचे पाहताना ते बारीक करतो. मी काय करावे?

उत्तर (शिक्षिका, दारव्हा):
डोळे बारीक करून पाहणे हे लघुदृष्टीचे (म्हणजे दूरचे धूसर दिसण्याचे) लक्षण असू शकते, म्हणून शाळेत मुलांची आरोग्यतपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सरकारी पथकाची वाट न पाहता आधी नेत्रतपासणी करून घ्यावी. चष्मा लागल्यास तो नियमित वापरू द्यावा. चष्म्याने नंबर वाढतो हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी मुले फळ्यावरचे न दिसताच वर्गात बसून राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर (नेत्रचिकित्सा अधिकारी):
पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद पाहावे. मात्र लघुदृष्टी टाळण्यासाठी सर्वांत मोलाचा उपाय म्हणजे दिवसाच्या उजेडात रोज सुमारे २ तास घराबाहेर राहणे. आपल्याकडे मे महिन्यात ते सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर, लिंबाच्या सावलीतही साधता येते, कारण सावलीतला उजेडसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी अधिक असतो.

उत्तर (अंगणवाडी सेविका):
धाकटे भावंड असल्यास त्याचीही काळजी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसाला १ तासापेक्षा जास्त बसू नये.