गाडीच्या पुस्तकात कूलंट २४ लिटर, गेलं १५च. बाकीचं कुठं गेलं?

कळंबोली_दहाचाकी:
नमस्कार मंडळी. गाडी दहा चाकी, मालक मीच, ड्रायव्हरही मीच. कळंबोली स्टील मार्केटमधून कॉइल भरायची आणि चाकणला टाकायची. मागच्या महिन्यात रेडिएटरची कॅप उघडली तर आत कोऱ्या चहासारखं पाणी, कडेने बोट फिरवलं तर लाल गाळ. आधीच्या मालकाने नळाचंच पाणी घातलेलं असणार. रविवारी स्वतःच काम काढलं. खालचा कॉक सोडला, बादलीने मोजून १५ लिटर निघालं. बोअरच्या पाण्याने दोनदा धुतलं आणि तयार हिरवं कूलंट ओतलं, ज्यात पाणी मिसळावं लागत नाही ते. १५ लिटरला काठोकाठ.

चार दिवसांत कूलंट परत तांबूस. खालापूर टोलपर्यंत इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्यावर शांत असतो, घाट लागला की आडोशी बोगद्याच्या आधीच लालच्या तोंडाशी. आमचा मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून फेक. काढू?

तुर्भेचा_मिस्त्री:
दादा, काढू नका. तो काढला की सपाटीला इंजिन गारच राहतं आणि डिझेल पितं. वर बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते, मग गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे घाटात आणखी गरम. शंका असेल तर पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून बघा, त्यावर ८२ वगैरे आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. पातेलं घरातलं घेऊ नका, वहिनी बोलतील.

तुमचे ९ लिटर कुठंही गेलेले नाहीत, ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यात बसलेत. तेही बोअरचं पाणी! तयार कूलंटमध्ये निम्मं पाणी असतंच, म्हणजे १५ लिटरमध्ये ग्लायकॉल, कूलंटचा खरा माल, साडेसात. २४ मध्ये ते झालं जेमतेम ३१ टक्के. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं, पण कूलंट गंज रोखण्यासाठी आणि उकळी लांबवण्यासाठी असतं. वेट लायनरचं इंजिन असेल, म्हणजे सिलिंडरच्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट कूलंट लागत असेल, तर पातळ कूलंटमुळे लायनरला बाहेरून टाचणीएवढी भोकं पडत जातात.

ब्लॉकला बाजूने प्लग असतो, बहुतेक रंगाखाली लपलेला. शोधा, गार इंजिनावर सोडा. हीटरचा कॉक उघडा ठेवून धुवा, दर वेळी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवा, नाहीतर रेडिएटरच धुतला जातो. शेवटचं धुणं डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने. प्लग हललाच नाही तर तयार कूलंट नको, कॉन्सन्ट्रेट घ्या, पाणी न मिसळलेलं. आधी तेच १२ लिटर, मग ३ लिटर डीएम पाणी, ब्लॉकमधल्या ९ मध्ये मिसळून हिशेब बरोबर बसतो. भरताना वरचा एअर स्क्रू सैल ठेवा, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा.

घोडबंदर_रिटर्न:
भाऊ, आतलं सगळं झालं, बाहेरचं बघितलंत? इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये टॉर्च मारा. माझ्या गाडीत तिथं धूळ आणि तेलाची गोधडीच निघाली होती. पाणी मारायचं ते पंख्याच्या बाजूने, पुढून मारलंत तर कचरा आणखी आत बसतो.

नेरूळ_काका:
काढलेलं कूलंट गटारात ओतू नका रे. चवीला गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवा.

कळंबोली_दहाचाकी:
मिस्त्रीकाका, प्लग सापडला, स्टार्टरच्या मागे. सोडला तर थेंबही नाही. तार घालून ढोसलं, आधी चॉकलेटी चिखल, मग धार. ८ लिटर! चार वेळा धुतलं, पाचव्यांदा डीएम पाणी. तयार कूलंट २३ लिटर गेलं. मधल्या फटीतून पसाभर चिंध्या आणि एक गुटख्याची पुडी निघाली.

काल २१ टन घेऊन घाट चढलो. बोगद्यापाशी काटा निम्म्याच्या जरा वर, तिथंच थांबला. आमच्या मिस्त्रीला अजून सांगितलेलं नाही.