कवळीवरचा पांढरा थर

आबांच्या कवळीवर पांढरा थर बसलाय आणि कडा खरखरीत झाल्यात. तो थर काढायला दादांनी कवळी उकळत्या पाण्यात टाकायला सांगितलंय, तेवढं करू नका. कवळी ॲक्रिलिकची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची असते, ते उकळत्या पाण्यात वाकडं होतं. मग कवळी हलते आणि हिरडी सोलून निघते.

तो पांढरा थर क्षारांचा. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यात कडा खरखरीत होतातच. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशनं घासा, स्वच्छ धुवा. तारेची कवळी असेल तर हे नको, धातू खराब होतो. टूथपेस्टनं बारीक ओरखडे पडतात, त्यातच घाण बसते. भांड्याचा सौम्य साबण बरा. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा, सटकली तर फुटणार नाही. रात्री काढून साध्या पाण्यात. कोरडी ठेवू नका.